लेबल नसलेली बाटली

आवडाबाईंना पहिली शंका आली ती आधार कार्डावरून.

दिवाळीला आठवडा असताना त्यांचा मुलगा यज्ञेश ऑफिसातून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "आये, तुझं आधार कार्ड दे जरा. फोटो काढून घेतो."

"ते आणि कशाला?"

"ताडोबाला जायचंय आपल्याला. सफारीच्या बुकिंगला प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं."

वाघ बघायला आधार कार्ड? आवडाबाईंना हे काही पटलं नाही. चेंदणी कोळीवाड्यातलं त्यांचं घर नवरा दामाजी वारल्यावर त्यांच्या नावावर झालं होतं, आणि गेली दोन वर्षं बिल्डरची माणसं गल्लीत खेपा घालत होती. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी ज्या मुलानं कधी आईला लोणावळा दाखवला नाही, त्याला एकदम जंगल कसं सुचलं? त्यांनी कार्ड दिलं, पण फोटो काढून होईपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या आणि लगेच परत घेऊन कपाटात ठेवलं.

चौतीस वर्षं ठाण्याच्या मासळी बाजारात बसून त्यांचा स्वभावच तसा झाला होता. धक्क्यावर माल घेताना कल्ले उघडून लालपणा बघायचा, बोटानं दाबून मांस वर येतं का ते बघायचं, आणि व्यापारी गोड बोलायला लागला की टोपली आणखी खालपर्यंत उपसायची. असं करूनच त्यांनी घर चालवलं, यज्ञेशला शिकवलं. माणसांच्या बाबतीतही त्या हेच करायच्या. कोणाच्या घरात काय चाललंय याचा वास त्यांना आधी यायचा, आणि एकदा आला की तो त्यांच्यापाशी राहायचा नाही, दुपारपर्यंत बाजारभर व्हायचा.

पण सहा-आठ महिन्यांपासून त्यांच्या स्वतःच्याच घरात काहीतरी होतं आणि ते त्यांना सापडत नव्हतं. यज्ञेश आणि सून दक्षता स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत आणि त्या आत गेल्या की गप्प होत. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, दक्षताच्या मोबाइलवर गजर वाजे. ती तो चटकन बंद करी आणि सात वर्षांच्या उर्वीला हाताला धरून मोरीत घेऊन जाई. आणि ती पोर! पूर्वी घरभर धुडगूस घालणारी उर्वी आताशा सुस्तावली होती. दुपारी शाळेतून आली की दप्तरावरच डोकं टेकून झोपायची.

"पोरीला काय होतंय गो?" आवडाबाईंनी एकदा सरळ विचारलं होतं.

"काही नाही आई. अभ्यास वाढलाय," दक्षता म्हणाली होती. नजर मात्र तिनं गॅसवरून वर उचलली नव्हती.

दिवाळी संपताच चौघं निघाले. ठाण्याहून रेल्वेनं नागपूर, तिथून भाड्याच्या गाडीनं जंगलाच्या कडेचं रिसॉर्ट. सागाची झाडं, मातीच्या रंगाच्या खोल्या, जेवायला सगळ्यांना एकत्र मोठी पडवी. उर्वी गाडीतून उतरल्या उतरल्या माकडांमागे धावली आणि आवडाबाईंना बरं वाटलं. पण तेही घटकाभरच. पहिल्या संध्याकाळी शेजारच्या खोलीतल्या डोंबिवलीच्या बाईंनी विचारलं, "सकाळच्या सफारीला आहात ना? साडेचारला उठावं लागेल बरं का."

"नाही, आमची दुपारची आहे," दक्षता म्हणाली. "उर्वीची झोप मोडायला नको."

"अहो, सकाळीच दिसतो वाघ!"

दक्षता नुसती हसली. एवढे पैसे घालून इतक्या लांब यायचं आणि वाघाच्या वेळेला झोपून राहायचं? आवडाबाईंनी ताटातला भात जोरजोरात कालवला.

त्यानंतर आठ वाजले, गजर वाजला, आणि दक्षता उर्वीला घेऊन खोलीकडे गेली. आवडाबाई पाठोपाठ गेल्या. दार लोटलेलं होतं. फटीतून त्यांना दिसलं: दक्षतानं एका तपकिरी बाटलीतून मापानं औषध ओतलं, पोरीला पाजलं, तोंड पुसलं आणि बाटली टॉवेलात गुंडाळून बॅगेत खाली खुपसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी यज्ञेश-दक्षता सफारीच्या गाडीची चौकशी करायला गेले तेव्हा आवडाबाईंनी बॅग उपसली. बाटलीवरचं लेबल नखानं खरवडून काढलेलं होतं. उर्वी पलंगावर चित्रं काढत बसली होती.

"बाय, हे कसलं औषध देते गो तुझी आई?"

उर्वीनं बाटलीकडे पाहिलं, मग दाराकडे. "आईनं सांगितलंय, आजीला सांगायचं नाही."

"मना सांग. मी कुणाला नाय सांगत."

"ते घेतलं की मला झोप येते," उर्वी म्हणाली आणि पुन्हा चित्रात तोंड घातलं.

संपलं. आवडाबाईंच्या मनात सगळं जुळलं. लेकरू गप्प राहावं, आपल्या मोबाइलच्या आड येऊ नये म्हणून गुंगीचं औषध देणाऱ्या आईबापांबद्दल त्यांनी बाजारात ऐकलं होतं. आपल्याच घरात हे? लेबल खरवडलंय ते उगाच का? त्यांनी बाटली आपल्या कापडी पिशवीत, पानाच्या चंचीखाली सरकवली. घरी गेल्यावर आपल्या ओळखीच्या डॉक्टरला दाखवायची आणि मग दोघांना समोर बसवायचं, असं त्यांनी ठरवलं.

त्या दिवशीची सफारी कोरडीच गेली. हरणं दिसली, एक अस्वल लांबून दिसलं. दुसऱ्या दिवशी दुपारची आणखी एक फेरी ठरलेली होती. संध्याकाळी आठचा गजर वाजला आणि खोलीत उलथापालथ सुरू झाली. दक्षतानं बॅगा पलंगावर रिकाम्या केल्या. यज्ञेश पलंगाखाली वाकला.

"आई, एक बाटली दिसली का तुम्हाला?" शेवटी दक्षतानं विचारलं. चेहरा पांढराफटक.

"कसली बाटली?"

"खोकल्याची."

"उर्वीला खोकला कुठाय?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. सून खोटं बोलतेय हे सासूला दिसत होतं, आणि सासू काहीतरी लपवतेय हे सुनेला. यज्ञेश रिसॉर्टच्या गाडीनं जवळच्या गावातल्या औषधांच्या दुकानात गेला आणि हात हलवत परत आला. सकाळी पुन्हा गेला. दुकानदार म्हणाला, चंद्रपुराहून मागवावं लागेल, संध्याकाळपर्यंत येईल.

"आजची सफारी नकोच," दक्षता म्हणत होती. पण उर्वी रडायला लागली. तिला वाघ बघायचा होता, आणि दोन डोस चुकूनही पोर ठीक दिसत होती. उलट आवडाबाईंना ती जरा तरतरीतच वाटली. आपण केलं ते बरोबरच केलं, असं त्यांच्या मनानं घेतलं.

जंगलाच्या फाटकावर सगळ्यांचे मोबाइल जमा करून घेतले. उघड्या जिप्सीत पुढे चालक आणि शीला नावाची तरुण गाईड, मागे हे चौघं. तासाभरानं एका पाणवठ्याजवळ शीलानं हात वर केला. पलीकडे चितळानं धोक्याचा आवाज दिला होता. "इथंच आहे जी कुठंतरी. हलू नका."

उर्वी आवडाबाईंच्या मांडीवर होती. सगळे बांबूच्या बेटाकडे टक लावून बघत असताना आवडाबाईंना मांडीवर वेगळंच काहीतरी जाणवलं. पोरीचा डावा हात मनगटापासून उडत होता. मग तोंड डावीकडे ओढलं गेलं, डोळे त्याच बाजूला वर फिरले, आणि सगळं अंग लाकडासारखं ताठ झालं.

"उर्वे! अगो बाय, काय झालं?" त्या किंचाळल्या आणि पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी नेऊ लागल्या.

"तोंडाला हात लावू नका!" दक्षतानं चप्पल उडवून लावली. तिनं उर्वीला सीटवर कुशीला वळवलं, गळ्याचं बटण काढलं, डोक्याखाली ओढणी घातली आणि मनगटावरच्या घड्याळावर नजर रोवली. तिचे हात सराईतासारखे चालले होते. "एक मिनिट झालं. यज्ञेश, तिचे पाय सैल सोड. दाबू नकोस."

"औषध चुकलं की फीट येऊ शकते म्हणून सांगितलेलं डॉक्टरांनी," यज्ञेश रडवेल्या आवाजात म्हणाला. "दोनच डोस गं..."

आवडाबाईंना ऐकू आलं, पण कळायला वेळ लागला. मग त्यांनी पिशवीत हात घातला, चंची बाजूला केली आणि ती तपकिरी बाटली बाहेर काढली. सुनेपुढे धरली.

दक्षतानं बाटलीकडे बघितलं, आवडाबाईंकडे बघितलं आणि पुन्हा घड्याळाकडे बघायला लागली. "तीन मिनिटं," ती म्हणाली.

आणखी थोड्या वेळानं उर्वीचं अंग सैल पडलं आणि तिनं लांब श्वास घेतला. चालकानं गाडी वळवली. शीलानं वाटभर उर्वीच्या डोक्यावर सावलीसाठी आपली टोपी धरली. फाटकावरच्या लोकांनी दुसरी गाडी करून दिली आणि संध्याकाळच्या आत ते चंद्रपूरच्या एका दवाखान्यात पोचले. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, एक रात्र ठेवून घेतो म्हणाले. काळजीचं कारण नव्हतं. उर्वी शुद्धीवर आली आणि तिनं आधी विचारलं, वाघ आलेला का?

बाहेर बाकड्यावर आवडाबाई बसल्या होत्या. दक्षता येऊन उभी राहिली.

"आठ महिने झाले. कल्याणच्या डॉक्टरांकडे चाललंय. फीट येतात तिला, झोप अपुरी झाली तरी. ते औषध दोन-तीन वर्षं घ्यायचंय."

"मग मना का नाय सांगितलं? मी काय परकी हाय?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या बाजाराला कळलं असतं." दक्षताचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागला. "शेवंतीचं लग्न कसं मोडलं आई? मी नवी नवरी होते तेव्हा. डोळ्यांनी बघितलंय."

शेवंती त्यांच्याच गल्लीतली. लहानपणी तिला फीट यायच्या, दहाव्या वर्षी बंद झाल्या. तिचं लग्न ठरलं तेव्हा मुलाची आई पापलेट घ्यायला म्हणून आवडाबाईंच्या पाटीपाशी आली आणि पोरीची चौकशी केली. आवडाबाईंनी सांगून टाकलं. आठवड्यात लग्न मोडलं. मी खोटं तर बोलले नव्हते, असं त्या इतकी वर्षं म्हणत आल्या होत्या. आताही तेच वाक्य त्यांच्या ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं.

"माझी पण मुलगीच आहे," एवढं म्हणून दक्षता आत गेली.

ठाण्याला परतल्यावर बाजारात शेजारी बसणाऱ्या रंभानं दुसऱ्याच दिवशी विचारलं, "लवकर आलात गो? पोरीला दवाखान्यात ठेवलेली म्हणे?"

"पोट बिघडलेलं. बाहेरचं खाणं," आवडाबाई म्हणाल्या आणि बोंबलांवर पाणी शिंपडू लागल्या. रंभानं डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर आवडाबाईंनी बरोबर ओळखली, पण मान वर केली नाही.

घरात मात्र अबोला होता. औषधाची बाटली आता दक्षताच्या कुलपाच्या कप्प्यात असे. यज्ञेश कामापुरतं बोले. आवडाबाईंनी तक्रार केली नाही. फक्त आठ वाजले की हातातलं काम सोडून त्या दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसत, म्हणजे सुनेला मोरीत जावं लागू नये.

महिन्याभरानं कल्याणला तपासणी होती. निघताना दक्षता दारात घुटमळली. "येताय का?"

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी विचारलं, "जंगलात आली ती फीट कोणी पाहिली? सुरुवात कशी झाली?"

"मी वेळ बघत होते," दक्षता म्हणाली. "किती मिनिटं ते सांगू शकेन. सुरुवात नाही दिसली."

"मी बघितली," आवडाबाई म्हणाल्या. "डावा हात आधी. मनगटातून. मग तोंड डावीकडं गेलं, डोळे पण त्याच अंगाला. मग सगळं अंग. उजवा हात मागून उडाला, डावा थांबल्यावर."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. "पक्कं? डावा आधी?"

"चौतीस वर्षं बघायचंच काम केलंय मी."

एका बाजूनं सुरू होणाऱ्या फीटचं औषध वेगळं असतं, असं म्हणून त्यांनी ते सगळं पुन्हा सांगायला लावलं, लिहून घेतलं आणि मेंदूची एक तपासणी नव्यानं करायला सांगितली. त्या तपासणीनंतर औषध बदललं. नव्या औषधानं उर्वीला दुपारी झोप येईना. चारच दिवसांत तिनं घराच्या पडद्याला लोंबकळून पडद्याचा दांडा खाली आणला, आणि दक्षता तिच्यावर ओरडता ओरडता मध्येच थांबून आवडाबाईंकडे बघून हसली.