फाटका आवाज

१३ मे १९७३, रविवार, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. नवी पेठेतल्या माझ्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात ओळखीच्या ट्रकमालकाचा पंचविशीतला मुलगा आला. मुंबईहून त्याने एका विलायती बँडची पहिलीच रेकॉर्ड आणली होती. घरी प्लेअर नव्हता. त्याला ती एकदा ऐकायची होती.

माझा प्लेअर आणि स्पीकरची पेटी संध्याकाळच्या लग्नासाठी पुसून ठेवलेली होती. गोरज मुहूर्तावर सनईची रेकॉर्ड वाजवण्याचा शब्द मी वधूपित्याला दिला होता. पेटी एकच होती. तरीही मी रेकॉर्ड लावली.

गिटारचा पहिलाच सूर खरखरत निघाला. स्पीकरचा कागदी पडदा फाटला की असाच आवाज येतो. मी सुई उचलली.

“स्पीकर गेला.”

“न्हाय चाचा, ते लोक वाजवत्यातच तसं!”

“फाटका आवाज कोणी मुद्दाम भरत नाही.”

दोष कानाने ओळखणारा म्हणून माझी ख्याती होती. आधी दुसरी रेकॉर्ड लावून पाहण्याची मला गरज वाटली नाही. पेटी उघडली आणि ब्लेडने स्पीकरचा कागद कडेने कापून काढला. उजेडात धरला. त्याला कुठेही चीर नव्हती.

मी नवा कागद चिकटवला. पण तो वाळेपर्यंत मुहूर्त टळणार होता.

समोरच्या रांगेत दुसरा एक दुरुस्तीवाला होता. “हा ऐकण्याआधीच रेडिओ उघडतो,” असे मी त्याच्याविषयी एका गिऱ्हाइकाला त्याच्यादेखत सांगितले होते. तेव्हापासून सहा वर्षे आमचे बोलणे बंद होते. दुपारी चारला मी त्याची पायरी चढलो.

“बर्री, बर्री,” त्याने कानडीत ‘या, या’ म्हटले. “आज वाट चुकली की काय मास्तर?”

मी घडले ते सांगून पेटी मागितली.

“मंग फाटलं काय म्हनायचं? स्पीकर का कान?”

“कान.”

तो हसेल असे वाटले होते. त्याने फळीवरून पेटी उतरवली आणि वायर गुंडाळून माझ्या हाती दिली.

सनई वेळेवर वाजली.

साडेसातला परतलो, तेव्हा तो मुलगा रेकॉर्ड मांडीवर घेऊन माझ्या दुकानाच्या पायरीवर बसला होता. कागद वाळला होता. माझ्या पेटीवर आधी सनई लावली, स्वच्छ वाजली. मग त्याची रेकॉर्ड लावली. सकाळी होता तसाच फाटका आवाज. दोन्ही बाजू मी उभ्यानेच ऐकल्या. या प्रकाराला हेवी मेटल म्हणतात, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले.

“कशी वाटली चाचा?”

“स्पीकर ठीक आहे.”

रेकॉर्ड पाकिटात घालून त्याला दिली. समोरचा दुरुस्तीवाला दुकान बंद करण्याच्या तयारीत होता. त्याची पेटी फडक्याने पुसली आणि नेऊन त्याच्या फळीवर होती त्या जागी ठेवली.