लाल बटण आणि दोन पावसाळ्यांचा कोन

आमच्या ह्यांनी आजवर कॅमेऱ्यात जेवढी माणसं घेतली असतील, त्याहून जास्त चपला घेतल्या असतील. खोटं सांगत नाही. गोव्याच्या हद्दीलगत, कर्नाटकातल्या रामनगरात आमचा स्टुडिओ आहे. शूटिंग हे करतात, आणि कॉम्प्युटरपुढं बसून ते कापायचं-जोडायचं काम माझं. त्यामुळं ह्यांची सगळी पापं माझ्यासमोर उघडी पडतात. आमचा कॅमेरा खांद्यावर घ्यायचा, वाहिनीवाले वापरतात तसला मोठा. त्याला एक लाल बटण आहे. एकदा दाबलं की रेकॉर्डिंग चालू, परत दाबलं की बंद. घाईगडबडीत एकदा जास्तीचं दाबलं गेलं की सगळा उलटा कारभार होतो. नवरीच्या गळ्यात हार पडताना कॅमेरा झोपलेला, आणि हे कॅमेरा हातात लोंबकळवत पंगतीकडं निघाले की तो टक्क जागा! मग मला दिसतात चपला, गवत, मांडवाचे खांब, आणि मागून ह्यांचा आवाज, "जिलेबी हाय काय रे?"

यावरून मी त्यांना किती बोलले असेन त्याला सुमार नाही. आल्यागेल्या पाहुण्यांसमोरसुद्धा. "डोळं हाईत का शर्टाची बटणं?" म्हणायची. बिचारे हसायचे आणि चहा प्यायचे.

गेल्या थंडीत ह्यांची कंबर धरली. डॉक्टरांनी फळीवर झोपवलं आणि नेमकं त्याच आठवड्यात बेंगळुरूच्या एका शेतीच्या वाहिनीचं काम होतं. दिग्गीकडच्या एका वाडीत एक कुणबी आज्जी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या घरामागच्या परड्यात कोन होता. कोन म्हणजे आमच्या जोयड्याच्या डोंगरात लावतात तो मोठा कंद, जमिनीत सरळ खाली उतरत जाणारा. आज्जींनी हा एक कोन दोन पावसाळे न काढता तसाच वाढू दिला होता, आणि आता काढणार होत्या. वाहिनीच्या साहेबांना तो उपसतानाचा शॉट हवा होता. कोन काही दोनदा उपसता येत नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते एकाच वेळी.

"मी जाते," मी म्हटलं.

"तू?" हे पडल्या पडल्या हसले आणि लगेच कंबर धरून विव्हळले.

मला राग आला. अहो, कॅमेरा मांडायचं कोणतं काम मला येत नव्हतं? ट्रायपॉडचे पाय कमीजास्त करून त्याच्यावरचा बुडबुडा मध्यावर आणायचा, कॅमेरा खाचेत सरकवून खट्ट आवाज होईपर्यंत सोडायचा नाही, बॅटरी, कार्ड, माइकची वायर, सगळं माझ्या हातचं. बारा वर्षं तोंडापुढं पांढरा कागद धरून लग्नालग्नात मीच उभी राहिले, कॅमेऱ्याला पांढरं म्हणजे काय ते कळावं म्हणून. बटण तेवढं ह्यांचं! मी दाबायला गेले की, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे."

शेवटी हे म्हणाले, "जा. नीट करून आलीस तर हितनं पुढं कॅमेरा तुझा, मी तुझी पिशवी धरीन. न्हाई जमलं, तर चपलांवरनं परत एक शब्द काढायचा न्हाई. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. त्या रात्री आनंदानं मला धड झोप लागली नाही.

सकाळी जीपवाल्यानं मला वाडीच्या खाली सोडलं. वर घेऊन जायला आज्जींचा मुलगा आला. तो माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हटलं. त्यानं ट्रायपॉड लाकडाच्या मोळीसारखा डोक्यावर घेतला आणि मी कॅमेरा लेकरू घेतल्यागत छातीशी धरून मागनं गेले. आज्जी अंगणात उभ्याच होत्या. गुडघ्याच्या जरा खाली आलेलं चौकड्याचं लुगडं, खांद्यावर त्याची गाठ, आणि गळ्यात मण्यांच्या माळाच माळा.

"घोव खंय तुझा?" त्यांनी पहिला प्रश्न नवऱ्याचाच केला.

"घरी झोपलाय, आज्जी. कंबर धरलीया."

"बरां जालां," त्या म्हणाल्या. "बापयांची कंबर धरल्याबगर बायलांक वाट गावना." म्हणजे पुरुष आडवा झाल्याशिवाय बाईला वाट मिळत नाही! आणि दात नसलेल्या तोंडानं अशा हसल्या की मीही हसत सुटले.

मी परड्यात कॅमेरा मांडला. आणि बघते तर काय, पांढरा कागद घरीच राहिलेला! दादानं डोक्याचा टॉवेल पुढं केला. तो ओढ्याच्या पाण्यानं पिवळा पडलेला. त्याला पांढरं समजून कॅमेरा बसवला असता तर आज्जी निळ्या दिसल्या असत्या. मग दादानं भिंतीवरचं कॅलेंडर काढून उलटं धरलं, तेव्हा काम झालं. ऊन कडक होतं. आज्जींच्या पांढऱ्या केसांवर व्ह्यूफाइंडरात रेघारेघा उठत होत्या, म्हणजे उजेड जास्त. भिंगाची कडी फिरवून त्या रेघा घालवल्या. उजव्या हातात भिंगाचा पट्टा घट्ट आवळून झूम पुढंमागं करून बघितला. बोट बटणापाशी नेऊन ठेवलं. आणि काय सांगू, स्वतःशीच बडबडत होते मी. भीतीनं नाही, हो, भीतीनं पण, पण जास्त करून खुशीनं. स्वतःशीच बडबडत होते मी.

दादानं कुदळीनं कडेनं चर काढला. छातीएवढा खड्डा झाल्यावर आज्जी आत उतरल्या. मी "हं, आज्जी!" म्हणून ओरडले आणि बटण दाबलं.

पहार नाही, कुदळ नाही. आज्जी नखांनी माती सोडवत होत्या. तोंडानं "हळू, हळू" असं त्या कोनाला सांगत होत्या का स्वतःला, कोण जाणे. जरा हिसका बसला तर मधेच मोडला असता, आणि दोन पावसाळ्यांची मेहनत वाया गेली असती. माझा एक डोळा व्ह्यूफाइंडरात, दुसरा उघड्यावर आज्जींकडं. शेवटी दोघा मायलेकांनी मिळून तो वर काढला. अबबब! माझ्या कमरेएवढा लांब, वर मुंडी आणि खाली पाचपन्नास मुळ्या, आणि कुठंही चीर नाही! दादानं शिट्टी घातली. मी झूम करत आज्जींच्या तोंडावर गेले. मातीनं माखलेलं ते तोंड इतकं खूश होतं की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. बटण दाबलं. झालं काम!

"दाखव बघूया," आज्जी म्हणाल्या.

मी कॅमेऱ्याचा छोटा पडदा उघडला आणि क्लिप लावली. तर पडद्यावर माझ्या चपला, निळ्या पट्ट्याच्या. मग गवत, मग कॅलेंडर. मग चर काढणारा दादा. मग माझा आवाज, "आई गं, सगळं नीट होऊ दे, न्हाईतर हे जन्मभर टोचून खातील." मग आज्जी खड्ड्यात उतरताना, आणि मी ओरडते, "हं, आज्जी!" आणि बस. काळा पडदा.

त्याच्या मागनं दुसरी क्लिप होती. त्यात आज्जींचं तोंड बाजूला सरकलं आणि मागची चार झुडपं हलत राहिली, एवढंच.

कॅमेरा ट्रायपॉडवर बसवतानाच अंगठ्यानं बटण एकदा दाबलं गेलं होतं. म्हणजे मी चालू केलं असं समजत होते तेव्हा बंद केलं होतं. रेकॉर्डिंग चालू असलं की व्ह्यूफाइंडरात लाल ठिपका येतो, पण त्याच्याकडं कोण बघतंय! देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात ते काय उगाच? बारा वर्षं दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढत बसलेली मी, आणि माझ्या डोळ्यात हे मुसळ. मी खड्ड्याच्या काठावर मटकन बसले आणि रडायला लागले. ट्रायपॉडशेजारी बसून, पन्नाशीला आलेली बाई, भोकाड पसरून.

दादा गोंधळला. मग म्हणाला, "त्यात काय! परत खड्ड्यात ठेवूया, माती लोटूया. आई परत काढंल. कुणाला कळतंय?"

खरं सांगते, मला तो देवदूत वाटला. मी डोळे पुसून उठलेसुद्धा.

"हात लावू नकोस!" आज्जी कडाडल्या. इतका वेळ हसणारी म्हातारी, पण तोंड असं लाल झालं! "जमिनीनं दिलेलं परत तिच्याच तोंडात कोंबतास? तिला उष्टं भरवतास व्हय रे?"

दादानं हात मागं घेतला. मला लाज वाटली, ती आत्तासुद्धा आठवली की वाटते.

आज्जी माझ्याजवळ बसल्या. मातीच्या हातानं माझ्या गालावरचं पाणी पुसलं, म्हणजे गालावर चिखल झाला. "रडता कित्याक, बाय? काम खंय सरलां? अजून तर मुंडी जायची हाय जमिनीत."

तेव्हा मला कळलं. कोन काढला की तो लगेच खायचा नसतो. त्याची वरची मुंडी कापायची, कापल्या जागी चुलीतली राख चोळायची, आणि त्याच खड्ड्यात ती परत लावायची. ती जमिनीत गेल्याशिवाय घरातलं कुणी त्यातला तुकडा तोंडात घालत नाही. जमिनीची वस्तू जमिनीला, बाकी आपली. वाहिनीच्या साहेबांनी तर हे विचारलंही नव्हतं.

मी उठले. ट्रायपॉडचे पाय सगळे आखडून टाकले आणि कॅमेरा पार जमिनीपाशी आणला. बुडबुडा बघितला. सावली आली होती म्हणून कॅलेंडर परत धरायला लावलं. मग साडीचा पदर खोचून मातीत पालथी पडले. बटण दाबलं. व्ह्यूफाइंडरात बघितलं. लाल ठिपका होता. परत बघितला. दादाला बोलावून त्यालाही बघायला लावलं. "दिसतंय न्हवं लाल?" "दिसतंय की, बाई!" तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

खड्डा अर्धा भरून आज्जींनी सुका पालापाचोळा घातला. त्यावर मुंडी ठेवली, कोंबाचा डोळा वर करून. मग मूठमूठ माती टाकत गेल्या. घाई म्हणून नाही. मी हललेसुद्धा नाही. एक मुंगळा माझ्या मनगटाला डसला, तरी नाही. शेवटची मूठ टाकून त्यांनी मातीवर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "पुढल्या सालाक मी न्हाई आले तरी तू ये."

मग माझ्याकडं वळून, "जालां? चल, आता जेवूया!" आणि आम्ही तो कोन उकडून, मीठमिरची लावून पोटभर खाल्ला.

वाहिनीच्या साहेबांना मी खरं तेच सांगितलं. उपसतानाचं माझ्या चुकीनं गेलं, लावतानाचं आहे. ते नुसतं "बघून सांगतो" म्हणाले. घरी ह्यांनी माझ्या चपलांची क्लिप चारदा लावून बघितली आणि हसून हसून कंबर परत धरली. मग आज्जींची क्लिप लावली. ती संपल्यावर परत पहिल्यापासून लावली. कशी वाटली ते मी विचारलं नाही. पैज मी हरले होते, तोंड कुठलं उघडणार!

चार दिवसांनी स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ मळत होते. बाहेर ह्यांचा फोन वाजला. साहेबच होते. साहेबांचं बोलणं हे कानडीत मोठ्यानं परत म्हणत होते, ते मला आतनं ऐकू येत होतं. मुंडी लावायचा शॉट त्यांनी कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच घेतला होता, आणि पुढच्या महिन्यात कॅसलरॉकला मधाच्या पेट्यांचं काम होतं. त्यासाठी यायला जमेल का, असं साहेब ह्यांना विचारत होते.

"मला न्हाई जमायचं," हे म्हणाले. "आमच्यात कॅमेरा ती करते. तारीख तिलाच विचारा."

आणि हे पट्टा बांधलेल्या कमरेनं, भिंत धरत धरत आत आले. माझे दोन्ही हात पिठात होते. ह्यांनी फोन माझ्या कानाला धरला, आणि माझं बोलणं संपेपर्यंत तसेच वाकून उभे राहिले.