राहीबाईचा न दुखणारा डोळा

माझ्या सासूबाई राहीबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, त्यांना गोड बोलणं माहीतच नव्हतं. आटपाडीच्या पूर्वेला आमचं गाव. थोडी मेंढरं, थोडी जिरायत ज्वारी, आणि माझा नवरा पलटणीत. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी, पंचेचाळीसच्या श्रावणात, आत्याबाईंच्या कपाळावर डाव्या बाजूला नागीण उठली. भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत फोडच फोड. गावातल्या जाणत्या माणसानं फोडांवर तांबडी काव लावली, मंत्र टाकला. महिनाभर ठणक्यापायी त्यांनी घरात कुणाला शिव्या द्यायचं बाकी ठेवलं नाही, मेंढरांनाही नाही. मग फोड वाळले, ठणका गेला आणि सगळे म्हणाले, सुटलो बाबा.

माघात खळ्यावर उफणणी सुरू झाली. तिवईवर उभं राहून मळलेली ज्वारी पाटीतून वाऱ्यावर सोडायची. दाणे खाली पडतात, भुसकट बाजूला उडतं. वारं फिरलं की ज्वारीची कूस, म्हणजे बारीक टोचरी कुसळं, थेट तोंडावर येते, डोळे चुरचुरतात आणि थांबावं लागतं. पण चांगलं वारं दिवसातून घटकाभरच मिळतं, म्हणून थांबणं प्रत्येकाच्या जिवावर येतं. आत्याबाईंच्या ध्यानात आलं की डाव्या डोळ्यात कूस गेली तरी त्याला काही होत नाही, उजवा मात्र लगेच रडतो. मग त्यांनी काय करावं? उजव्या डोळ्यावरून पदर घट्ट बांधला आणि उघड्या डाव्या डोळ्यानं वाऱ्याला तोंड दिलं.

गाव बघत राहिलं. बिरोबानं राहीबाईला दगडाचा डोळा दिला, असं जो तो म्हणायला लागला. थोरले चुलतसासरे भाऊसो कुणाचं कौतुक करणाऱ्यातले नव्हते, पण त्यांनीही आत्याबाईंना आपल्या खळ्यावर बोलावून नारळ दिला आणि वाकून नमस्कार केला. आत्याबाईंची मान ताठ झाली. पंधरा दिवस त्या या खळ्यावरून त्या खळ्यावर जात होत्या.

एका संध्याकाळी त्यांचं डोकं विंचरताना मी बघितलं, तर डाव्या बुबुळावर कुसळाचा तुकडा चिकटलेला. मी पदराच्या टोकानं तो टिपला. पदर बुबुळाला लागला तरी पापणी हलली नाही.

"आत्याबाई, डोळा लाल झालाय. मधी पांढरं दिसतंय."

"दुखतंय का मला? न्हाई ना? मग तुला कशाला दुखतंय?"

"आवं, डोळ्याला हात लावला तरी कळत न्हाई, हे बरं न्हवं."

"तुज्यासारखं उठसूट रडाय येत न्हाई, म्हून जळतीस व्हय गं?"

मला असा राग आला की त्यांच्या वेणीला जरा जोरातच हिसका बसला. आठ दिवसांनी त्याच बाईंनी पाटीत हात घालून मला हळूच विचारलं, "ह्यात भुसकट किती ऱ्हायलंय गं?" पाटीत भुसकट नव्हतंच; उजवा डोळा बांधलेला आणि डाव्याला सगळं धूसर दिसत होतं. तेव्हा त्या घाबरल्या, आणि त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

बैलगाडीनं आणि पुढे सर्व्हिस मोटारीनं आम्ही मिरजेचा मोठा दवाखाना गाठला. सोबत मामंजी, म्हणजे सासरे कोंडीबा, आणि न बोलावता आलेले त्यांचे थोरले भाऊ भाऊसो. डॉक्टरांनी कापसाची बारीक वात केली. ती उजव्या बुबुळाला टेकली, तशा दोन्ही पापण्या फटकन मिटल्या. डाव्याला टेकली, दोन्ही डोळे तसेच उघडे.

"बुबुळावर फार नाजूक नसा असतात," डॉक्टर म्हणाले. "काही टोचलं की त्या मेंदूला कळवतात, आणि माणसाला विचार करायला वेळ न देता पापणी मिटते, पाणी सुटतं, आलेला कचरा वाहून जातो. डावीकडच्या नसा नागिणीनं मारल्या. पापणी चांगली आहे, पण तिला सांगणारंच कुणी उरलं नाही. तरी एका डोळ्याला टोचलं की दोन्ही मिटतात. उजवा डोळा दोघांची राखण करत होता."

आत्याबाईंचा चेहरा उतरला. "आन् म्या त्यालाच बांधून ठिवला," त्या म्हणाल्या.

बुबुळावर जखम झाली होती. डोळा वाचवायचा तर डाव्या पापण्या बाहेरच्या बाजूनं अर्ध्या शिवून टाकायला हव्या होत्या, म्हणजे बुबुळ झाकलेलं राहून जखम भरेल. उशीर केला तर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आणि घरच्यांची संमती विचारली. मामंजींनी भाऊसोंकडं बघितलं.

"शिवल्या डोळ्याची बाई धान्याच्या राशीम्होरं चालत न्हाई," भाऊसो म्हणाले. "अपशकुन हाय. गेला डोळा तर जाऊ दे, देवाची मर्जी. पर असलं रूप घिऊन घरात नगं."

आत्याबाई उठल्या आणि शाईची गादी स्वतःच पुढं ओढली.

"डोळा माजा हाय, अंगठाबी माजाच. भावजींच्या तोंडाकडं बघून माजं बुबूळ भरायचं न्हाई. शिवा वो डाक्टर."

त्यांनी कागदावर असा अंगठा दाबला की कागद फाटतो की काय वाटलं. मला तेव्हा त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं असतं तर शिव्याच खाल्ल्या असत्या.

जखम भरली. बुबुळावर पांढरट डाग राहिला, डोळा अर्धा मिटलेलाच राहिला, धूसर दिसायचं, पण दिसायचं. घरी डॉक्टरांनी बजावल्याप्रमाणं त्या भाकरी थापतानासुद्धा आठवणीनं डोळे मिटायच्या, उघडायच्या. बायका तोंडाला पदर लावून हसत. आत्याबाईंनी त्यांना भीक घातली नाही.

पुढच्या माघात आत्याबाई खळ्यावर गेल्या, तर भाऊसो तिवईपुढं आडवे उभे.

"तू खाली बस, राहीबाई. रास बाटंल."

"मागल्या साली ह्याच डोळ्याला वाकून नमस्कार घातला तुमी. तवा त्यो आंधळा व्हत चालला व्हता. आता वाचला तर अपशकुनी व्हय? सरा बाजूला."

आत्याबाई तिवईवर चढल्या. दोन्ही डोळे मोकळे, पदर खांद्यावर. दहा-बारा पाट्या झाल्या असतील, वारं गरकन फिरलं आणि कूस तोंडावर आली. उजवा डोळा चुरचुरला, दोन्ही पापण्या मिटल्या. आत्याबाईंनी पाटी गुडघ्यावर टेकवली आणि तिवईवरच खाली बसल्या.

"आगं, वारं चाललंय!" भाऊसो ओरडले.

"जाऊ द्या वाऱ्याला. सूनबाई, पानी दे वर."

मी तांब्या दिला. उजव्या डोळ्यातून धारा लागल्या होत्या आणि सगळं खळं बघत होतं. त्यांनी ना तोंड फिरवलं, ना पदर ओढला. दोन्ही डोळे धुतले, मला जवळ बोलावून डाव्यात काही राहिलंय का ते नीट बघायला लावलं, पुन्हा धुतले. कामकरी माणसं हात बांधून उभी होती. वारं भरात होतं आणि वाया जात होतं.

मग आत्याबाई उठल्या आणि पाटी खाली केली.

"आता भरा पाटी, भावजी."

भाऊसोंनी पाटी भरली आणि वर दिली.