गॅब्रोचा शेवटचा तुकडा

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं दगड घासणाऱ्या माणसाला दुसरं काय नाव पडणार? घासूकाका! दगडाची चकती काचेवर चिकटवायची आणि कुरुंदाच्या पुडीत घासून केसाच्या निम्म्याहून पातळ करायची, म्हणजे उजेड तिच्यातून आरपार जातो. बाकीचे लोक दर चार हात घासले की सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काका बघत नसत. बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "झालं." डोक्यात हवा गेली होती म्हणा ना, पण काच कधी बिघडली नव्हती.

गेलं वर्षभर मात्र साखरेच्या आजाराने त्यांची बोटं बधिर होत चालली होती. बायकोलासुद्धा पत्ता नव्हता. सांगणार काय, कपाळ?

अशात संशोधन करणारी एक मुलगी दोन दगड घेऊन आली.

"काका, दोघांचा शिलारस एकच बरं का. हा जमिनीवर येऊन पटकन निवला, म्हणून कण दिसतच नाहीत. हा बेसाल्ट. आणि हा खोल अडकून हजारो वर्षं सावकाश निवला, म्हणून कण हे एवढाले. हा गॅब्रो. तपासणीत दोघांतली द्रव्यं जुळलीत. आता कण शेजारीशेजारी दाखवले की माझा प्रबंध पुरा! पण गॅब्रोचा एवढाच तुकडा उरलाय. बाकीचा तपासणीसाठी दळला आणि ज्या बोअरमधून तो काढला, तीही बुजवली."

"दुसऱ्या कुणाकडून करून घे," हे काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"तुमच्याशिवाय कुणाच्या हातात देणार नाही मी," ती म्हणाली. झालं! काकांनी दोन्ही दगड ठेवून घेतले.

बेसाल्ट निभावला. बारीक कणांचा तो, थोडं चुकलंमाकलं तरी सांभाळून घेतो. गॅब्रो मात्र हट्टी. पातळ झाला की मोठाले कण अख्खेच्या अख्खे निखळतात. काकांनी बोट फिरवलं. अजून जाड वाटला. आणखी दोन हात मारले. पुन्हा बोट, पुन्हा दोन हात. सूक्ष्मदर्शक चार पावलांवर होता. पण मुलगी शेजारीच उभी होती, तिच्यादेखत कसं जायचं? अहो, जायचं होतं हो!

"झालं," काका म्हणाले.

मुलीने काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"काका, इथे नुसती काच आहे."

काकांनी काच हातात घेऊन तिच्यावर बोट फिरवलं. मग टेबलावर फिरवलं, मग स्वतःच्या तळहातावर. सगळं सारखंच लागलं. मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती, काका आता काहीतरी करतील म्हणून.