बॅटरीचं दार

बॅटरीचा हात आधी पडायचा आणि कारण मागाहून कळायचं, तेही मार खाणाऱ्याने विचारायची हिंमत केली तर. कॅम्पातल्या आमच्या पत्र्याच्या थिएटरात तो दारावर असे आणि मी शेजारीच बायकांच्या तिकिटांच्या खिडकीत. दाढीच्या गालावर बसलेल्या थपडेचा आवाज वेगळा आणि सफाचट गालावरच्या थपडेचा वेगळा, हे ज्ञान मला तिथे बसून झालं. नवरा परागंदा झाल्यावर बुवापाड्याहून रोज चालत येऊन मी ती नोकरी करत होते. बाईमाणसाने सिनेमाच्या खिडकीत बसावं याबद्दल चाळीत जे काय बोललं जायचं, ते बोलणाऱ्यांना बॅटरीच्या ताब्यात द्यावं असं मला फार वाटे.

त्याचं खरं नाव काळूराम, गाव चामटोली. हे पगाराच्या दिवशी तेवढं आठवायचं. एरवी हातातल्या पाच सेलच्या लांब बॅटरीवरून सगळं कॅम्प त्याला बॅटरीच म्हणे. अंधारात जागा दाखवायला तिचा उपयोग होई, तसा पाठीत घालायलाही होई. डोक्यात मात्र त्याने ती कधी घातली नाही. एकदा मी त्याबद्दल त्याचं कौतुक करायला गेले, तर म्हणाला, "डोसक्यात घातली तं काच फुटते, ताय. काच शेठची हाय."

फाळणीनंतर सिंधी मंडळी लष्कराच्या रिकाम्या बराकींत येऊन राहिली, त्याला तेव्हा पाच-सात वर्षं झाली होती. सगळ्यांचीच डोकी तापलेली असत. बाकड्यावरच्या वीतभर जागेसाठी सोडावॉटरच्या बाटल्या उडत. एकदा तिसऱ्या वर्गात एका दांडगटाने पुढच्या पोरावर सुरा काढला. बॅटरी दारातून धावत आला आणि त्याने सुऱ्याचं पातं सरळ मुठीत धरलं. दुसऱ्या हाताने दांडगटाला असा हाणला की तो दोन बाकडी ओलांडून पडला. मग त्याच रक्ताळलेल्या हाताने त्याने वाचवलेल्या पोराच्याही कानाखाली एक काढली, कारण पोराने शिट्टी वाजवली होती. मी खिडकीतून पदर फाडून दिला तेव्हा हात गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "माझ्या दारातून आत आला तो माझा. त्याला मारीन तं मी मारीन. दुसऱ्या कोनाचा हात लागाचा नाय." एवढं सोपं शास्त्र होतं त्याचं.

या शास्त्रात एकच माणूस बसत नव्हता, तो म्हणजे सोमा झाडूवाला. दोन खेळांच्या मध्ये सोमा तिसऱ्या वर्गापासून झाडत यायचा आणि शेंगांची टरफलं, विड्यांची थोटकं, पानाच्या पिंका असा सगळा संसार नेमका बॅटरीच्या पायांवर आणून सोडायचा. बॅटरी दार सोडून हलायचा नाही आणि सोमा झाडू वळवायचा नाही. एकदा बॅटरीने त्याला बादलीसकट उचलून रस्त्यावर नेऊन ठेवला. सोमाने परत येऊन तीच बादली त्याच्या अंगावर ओतली. त्या दोघांमध्ये चांगला शब्द बोललेला मी ऐकला नाही. बॅटरी तर त्याच्या हातून विडीला काडीसुद्धा घेत नसे. ते भांडणामुळे नव्हतं, जातीमुळे होतं, आणि सोमालाही ते माहीत होतं.

सोमा तापाने पडला तेव्हा शेठ बॅटरीला म्हणाले, "बॅटरी, चार दिन झाडू मार दे." बॅटरीने झाडू घेतला, गुडघ्यावर त्याचा दांडा मोडला आणि दोन्ही तुकडे शेठच्या पायाशी ठेवले. "शेठ, दारवाला झाडाला गेला का दार उघडं पडतं. माझं काम दार." दुसरा कोणी मालक असता तर त्याच पायरीवरून त्याला घालवून दिला असता. आमच्या शेठनी दुसरा झाडू घेतला, धोतर खोचलं आणि स्वतः झाडायला लागले. सिंधमध्ये त्यांचा तीन मजली वाडा होता म्हणे. मी धावत गेले तर मला हाताने थांबवत म्हणाले, "बेटी, मैंने वतन छोड़ दिया, झाडू क्या चीज़ है? काम कोई छोटा नहीं." बॅटरी दारातच होता. शेठ झाडत जवळ आले तसा त्याने एक पाय उचलला, मग दुसरा. हसावं का रडावं मला कळेना. दोघेही आपापल्या जागी खरे होते आणि दोघेही हट्टाला पेटलेले.

आमचा मॅनेजर मात्र कुठल्याच बाजूने खरा नव्हता. कल्याणचा गडी, कपाळाला गंध, बोटांत तीन अंगठ्या, आणि दिमतीला फुकट सिनेमा बघणारे दोन टगे. शेठ आठवड्यातले चार दिवस मुंबईला सिनेमाच्या रिळांच्या पेट्या आणायला जात, तेव्हा थिएटर त्याच्या बापाचं होई. उंदराला मांजर साक्ष म्हणतात, तसे ते टगे त्याच्या प्रत्येक शब्दाला माना डोलवायचे.

त्या दिवशी शेठ नव्हतेच. दुपारच्या खेळात मॅनेजरच्या ओळखीतल्या एका बाईच्या कानातली कुडी पडली. खेळ सुटल्यावर झाडताना ती सोमाला सापडली. खाली पडलेलं झाडूवाल्याचं, हा आमच्या थिएटरचा रिवाज होता. फणी, रुमाल, बटण काही सापडलं तर कोणी विचारत नसे. पण सोनं बघून सोमा घाबरला. सरळ माझ्या आतल्या जाळीशी आला आणि कुडी आत सरकवून म्हणाला, "बाई, कुणी बाई आली तर देऊन टाका. मला नको ही बला." त्या जाळीतून मला आतलं सगळं दिसे. तो बाकड्यांकडे वळतोय तोच मॅनेजर आणि टगे आत आले.

"कुडी काढ."

"बाईंकडं दिली, सायेब."

"चोर तो चोर, वर तोंड करून बोलतो?"

बॅटरी चहाला गेला होता. दाराचा लोखंडी अडसर भिंतीला टेकवून ठेवलेला होता. मॅनेजरने तो उचलला. मी जाळीवर दोन्ही हात आपटत ओरडले, "माझ्याकडे आहे! कुडी माझ्याकडे आहे!" पहिला घाव खांद्यावर बसला. सोमा बाकड्याखाली शिरायला लागला तर टग्यांनी त्याला पायांनी ओढून काढला. दुसरा घाव डोक्यात बसला. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. त्यानंतरही मॅनेजर मारत राहिला, मेलेल्या सापाला मारतात तसा. आजही लोखंडावर लोखंड आपटलं की मी कान झाकून घेते.

टग्यांनी सोमाला गोणपाटात गुंडाळून मागच्या दाराने नेला आणि मागेच वाहणाऱ्या वालधुनी नाल्याच्या काठी टाकून दिला. दारू पिऊन नाल्यात पडला, दगडावर आपटला, असं सांगायचं ठरलं. ठरलं ते माझ्यादेखतच ठरलं, कारण बाईमाणसाने पाहिलेलं कोणी धरत नाही अशी त्यांची खात्री होती. राहिलं होतं ते फक्त कोब्यावरचं रक्त. तेवढं धुतलं की सोमाला थिएटरात कोणी हात लावला नाही, असं छातीठोकपणे सांगता येणार होतं.

इतक्यात बॅटरी चहा पिऊन आला.

"बरं झालं आलास," मॅनेजर म्हणाला. "सोमाने घाण करून ठेवलीय. दोन बादल्या पाणी मार आणि फरशी घासून काढ. सहाचा खेळ आहे."

बॅटरीने रक्ताकडे पाहिलं. मग अडसराकडे. मग माझ्याकडे. मी जाळीतून सांगितलं, "सोमाला मारलं रे. अडसराने मारलं. नाल्यावर टाकलाय."

"धुतोस की नाही?" मॅनेजरने विचारलं.

"माझं काम दार," बॅटरी म्हणाला, आणि त्याने मॅनेजरला मारलं.

त्याने आयुष्यात मारलेल्या सगळ्या थपडा एकीकडे आणि हा तडाखा एकीकडे. मॅनेजरचा एक दात माझ्या जाळीवर येऊन लागला. टगे नाल्यावरून परतले होते, ते दोघे एकदम अंगावर आले. एकाने खुर्ची पाठीत घातली, खुर्ची मोडली. बॅटरीने एकाचं डोकं दुसऱ्याच्या तोंडावर आदळलं. मग तिघांना केसांना, गचांडीला, हाताला येईल तिथे धरून मागच्या दाराबाहेर फेकलं आणि आतून कडी घातली. मग पुढच्या दाराकडे धावला. दार ओढून घेतलं आणि तिथेच थबकला. पुढच्या दाराला कडी नव्हती. होता तो अडसर, आणि तो रक्तात पडला होता.

"त्याला हात लावाचा नाय," तो स्वतःशीच बोलला. मग मला म्हणाला, "ताय, खिडकी बंद कर. चौकीवर जा. फौजदाराला घिऊनच ये." आणि दाराच्या दोन फळ्यांवरच्या लोखंडी कोयंड्यांतून त्याने आपला उजवा हात खांद्यापर्यंत घातला.

बाहेर सहाच्या खेळाची गर्दी जमली होती. माझ्या खिडकीच्या खोलीला रस्त्याकडे वेगळं दार होतं, त्यातून मी बाहेर पडले तेव्हा रक्ताळलेल्या तोंडाचा मॅनेजर पायरीवर चढून ओरडत होता, "बॅटरी प्यायलाय! दार अडवून बसलाय! तुमच्या तिकिटांचे पैसे गेले!" त्या गर्दीतल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी बॅटरीची थप्पड खाल्ली होती. त्यांना एवढं कारण पुरे होतं. "मारो साले को!" करत सगळे दारावर तुटून पडले. पत्र्यावर दगड वाजायला लागले. मी पळत सुटले, आणि पळता पळता मागून एक किंकाळी ऐकली. बॅटरी ओरडू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

फौजदार चहा पीत होता. "सिनेमातली भांडणं रोजचीच आहेत, बाई," म्हणाला. मी कुडी टेबलावर ठेवली, सोमा कुठे टाकलाय ते सांगितलं आणि म्हटलं, "रक्त धुऊन झाल्यावर या हवं तर. मग तुम्हालाही त्रास नको." त्याने कप खाली ठेवला, दोन शिपायांना नाल्यावर पाठवलं आणि स्वतः उठला.

लाठ्या चालल्या, गर्दी पांगली. दार बंदच होतं. फौजदाराने हाक मारली, लाठीने ठोकलं. मी म्हटलं, "काळूराम, मी आले आहे. उघड." आतून बारीक आवाज आला, "हात निघत नाय, ताय."

मागच्या दाराचा पत्रा उचकटून शिपाई आत शिरले. हात दोन जागी मोडला होता, एका जागी हाड बाहेर आलं होतं. तो उभाच होता. कोब्यावरच्या रक्ताला कोणाचा पाय लागला नव्हता.

सोमा नाल्याकाठी जिवंत सापडला, पण बोलला नाही आणि तिसऱ्या दिवशी गेला. पुढे खटला चालून मॅनेजरला आणि टग्यांना सक्तमजुरी झाली. वकिलाने फार आटापिटा केला, पण पंचनाम्यात थिएटर होतं, अडसर होता, रक्त होतं, आणि साक्षीच्या पिंजऱ्यात मी होते. माझ्या चाळीतली तोंडंही त्यानंतर आपोआप बंद झाली.

बॅटरी पुन्हा दारावर उभा राहिला नाही. हात सरळ होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्याने चामटोलीला भावाच्या शेतावर जायचं ठरवलं. थिएटरात तो त्यानंतर आला तो एकदाच, शेठना सांगून निघायला. खटला अजून लांब होता, पण आठवड्याने पोलिसांनी सील काढलं होतं आणि दुसऱ्या दिवसापासून खेळ लागणार होते. शेठनी आम्हा सगळ्यांना सकाळी बोलावलं होतं, ते स्वतः अजून यायचे होते.

त्यांनी आणखी एका माणसाला बोलावलं होतं. सोमाच्या बायकोला नवऱ्याच्या जागी नोकरी दिली होती. शेठच्या मनात कपट नव्हतं, हे मी कोणासमोरही शपथेवर सांगेन. घर उघड्यावर पडू नये म्हणून त्यांनी तिला हक्काची भाकरी दिली होती. काम कोणतं हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. ती बादली आणि झाडू घेऊन आत आली, चार पावलं चालली आणि तिसऱ्या वर्गाच्या बाकड्यांपाशी थांबली. कोब्यावरचा डाग वाळून काळा पडला होता.

"ह्योच का, बाई?" तिने मला विचारलं. मी मान हलवली. तिने पदर खोचला आणि खाली बसायला लागली.

"ऊठ," बॅटरी म्हणाला. हात गळ्यात बांधलेला, तोंड सुजलेलं. त्याने डाव्या हाताने तिच्याकडून बादली घेतली. "तू नाय."

"नोकरी माझी हाय, दादा. शेठ काय म्हनंल?"

"शेठला मी बघतो. तू दारात जाऊन उभी ऱ्हा. कोनाला आत सोडाचा नाय. येवढं काम कर."

ती गेली. बॅटरी गुडघ्यांवर बसला आणि काथ्याने घासायला लागला. डाव्या हाताची त्याला सवय नव्हती, जोर लागत नव्हता. मी पाणी ओतत होते. त्याने ते ओतू दिलं, घासायला मात्र दिलं नाही. वाळलेलं रक्त सुटलं की पुन्हा लाल होतं. ते लाल पाणी त्याच्या धोतराला, गुडघ्यांना लागत होतं आणि तो सोमाला शिव्या देत होता, त्याच जुन्या शिव्या, एकामागून एक, हलक्या आवाजात. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

बाहेर शेठचा आवाज आला. मी मान वळवून पाहिलं. सोमाच्या बायकोने दोन्ही हात चौकटीला लावले होते.

"हटो बेटी, मैं हूँ," शेठ म्हणाले.

"आत काम चाललंय," ती म्हणाली.

शेठनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. मग ते खाली पायरीवर बसून राहिले.