दोन पोरं आणि एकाचं औषध

नऊ-दहा वर्षांच्या ब्रिजीतला तिच्या भावानं पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. एसटीतून उतरल्यावर तिला पाऊलच टेकवेना. घोटा सुजून गरम झाला होता. गेल्या वर्षी गुडघे असेच सुजले होते. तेव्हा मीच निदान केलं होतं, ऱ्हुमॅटिक फीव्हर.

हा ताप घशातून सुरू होतो. घसा बरा होतो, मग सांधे धरतात. सांधेही बरे होतात, पण ताप जाताजाता हृदयाच्या झडपांना इजा करून जातो. झडप म्हणजे रक्त उलटं फिरू नये म्हणून असलेलं दार. पुन्हा घसा बिघडला की त्याच दारावर पुन्हा घाव. म्हणून पोर धडधाकट दिसत असतानाही तिला रोज दोन वेळा पेनिसिलिनची गोळी द्यायची, वर्षानुवर्षं. मी तसं लिहून दिलं होतं. मग हे परत कसं झालं?

आई रोजाबाई मागोमाग आल्या. उत्तनच्या, मासळी विकणाऱ्या. एकही दिवस चुकला नाही म्हणाल्या. मी ब्रिजीतला विचारलं, तर तिनं सरळ सांगितलं, "सकालची माजी, रातची पास्कलची."

पास्कल म्हणजे तोच भाऊ. मिसरूड फुटलेला, बापाबरोबर होडीवर जाणारा. तो खाली मान घालून उभा राहिला.

रोजाबाईंना यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. "दर्यात ताप आला तर त्याला कोन बगनार? चांगलं औषद हाय, आजार येऊच देत न्हाय, असं तुमीच बोललात ना डॉक्टर? मंग एकाला देऊ नि एकाला नको? आमच्यात आजारी पडून घरी ऱ्हायलेल्या मानसालापन होडीच्या मासलीचा वाटा देतात."

मला रागावता येईना. मी भाईंदरच्या मिठागरात राबलेल्या बापाचा मुलगा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. घरात आलेली चांगली वस्तू एकट्यानं खायची नसते, हे मलाही डॉक्टरकीच्या आधी शिकवलेलं होतं.

मी स्टेथोस्कोप रोजाबाईंच्या कानात घातला. आधी पास्कलच्या छातीवर ठेवला. ठोके स्वच्छ. मग ब्रिजीतच्या. रोजाबाई बराच वेळ ऐकत राहिल्या.

"मदेच सूऽ करतंय," त्या हळू बोलल्या. "फाटक्या शिडातनं वारा जातो तसं."

"तेच दार. अजून थोडंसंच बिघडलंय. तिला औषधाचा फायदा मोठा आहे, म्हणून त्याचा धोका पत्करायचा. पास्कलचं दार शाबूत आहे. त्याला फायदा काही नाही, धोका मात्र आहेच. एखाद्याला हे औषध सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. होडीवर श्वास कोंडला तर काय कराल? शिवाय उगाच घेत राहिलं की रोगजंतूही औषधाला सरावतात. खरी गरज लागेल तेव्हा ते चालत नाही."

"आनि पोरीला अर्धंच पोचलं," त्या म्हणाल्या. पदर तोंडावर धरला.

मी गोळ्या बंद केल्या. त्याच औषधाचं इंजेक्शन येतं, दर तीन आठवड्यांनी. दाट, दुधासारखं, जाड सुईचं. त्याचे वाटे करता येत नाहीत. सुईनं माणूस मेल्याचं रोजाबाईंनी ऐकलं होतं. खोटं आहे असं मी म्हणालो नाही. क्वचित होतं, म्हणालो. गोळ्या सोसल्यात म्हणजे बहुधा हेही सोसेल, पण मी खात्री करून घेईन. आधी हातावर थेंबभर टोचून टेस्ट डोस दिला आणि वाट पाहत बसलो. श्वास कोंडलाच तर द्यायच्या औषधाची दुसरी सिरिंज बाजूला भरलेली होती. ती कशाला, असं त्यांनी विचारलं.

"लागलीच तर. लागू नये."

हातावर काही उठलं नाही. जाड सुई बघून ब्रिजीत भावाला म्हणाली, "आता घे की वाटा."

पास्कलनं मुकाट्यानं दंड पुढे केला. सुई बाहेर येईपर्यंत तिनं त्यावर दात रोवून ठेवले. मग मला एकाऐवजी दोघांची मलमपट्टी करावी लागली.

घोट्याची सूज उतरली. इंजेक्शनं मात्र लग्नापर्यंत चालली. कुरकुर प्रत्येक वेळी, पण खाडा नाही. लग्न ठरल्यावर मी तिला मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. छातीतला आवाज तेवढाच होता, वाढला नव्हता. पहिलं बाळंतपण नीट पार पडलं, तेव्हा रोजाबाई नातू दाखवायला आल्या. मी औषधाचं काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "याला काय बी देऊ नका. चांगला हाय."

तेव्हापासून मी चिठ्ठी लिहून देताना घरात कोण कोण आहे ते विचारतो. गोळी कोणी घ्यायची हे सांगून भागत नाही, कोणी घ्यायची नाही तेही सांगावं लागतं. कॉलेजात हे शिकवलं नव्हतं.