चाकणचा नारळ आणि तीन शहरांतले होऊ घातलेले वकील

लोक शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकतात आणि कोकणात जातात. मी चाकणला गेले. रहाटणीच्या आमच्या सोसायटीत हे सांगितल्यावर शेजारणीने काळजीने विचारलं, कुणाला काही झालं का?

झालं असं, की माझी भाची सायली कायदा शिकते आणि तिच्या कॉलेजात तैपेईहून यू-टिंग नावाची मुलगी एका सत्रासाठी आली आहे. चाकणच्या एका कारखान्यात साहेब चिनी बोलणारे, कामगार मराठी बोलणारे आणि दत्ताभाऊ नावाचा एक कामगार घरी बसवलेला. मशीनची संरक्षक जाळी तुटलेली दिसली म्हणून त्याने न विचारता लाइन थांबवली. कंपनी म्हणते, माफी लिहून दे. तो म्हणतो, कशाबद्दल? शेवटी सोमवारी समोरासमोर बसायचं ठरलं. दुभाषी म्हणून या दोन मुली दोन्ही बाजूंना चालणार होत्या. दत्ताभाऊ मराठीत बोलणार, सायली ते इंग्रजीत सांगणार, यू-टिंग चिनीत. ऐन वेळी सायलीला ताप आला. "मावशी, तुला कुठे काय काम असतं," म्हणून तिने मला जुंपलं.

रविवारी निघालो. रस्ता सोपा आहे: नाशिक फाटा, भोसरी, मोशी, चाकण. लवकर निघालात तर प्रवास, उशिरा निघालात तर मुक्काम. आम्ही उशिरा निघालो. नव्या कोऱ्या गाड्या लादलेल्या ट्रेलरमागे इतका वेळ उभ्या होतो, की कुठल्या रंगाची गाडी कुणाची हे आम्ही दोघींनी वाटून घेतलं. मोशीच्या पुढे मिसळ खाल्ली. दोघींचं बिल पुण्यातल्या एका कॉफीपेक्षा कमी आणि तर्री हवी तितकी फुकट. यू-टिंगने पुन्हा पुन्हा मागितली. डोळ्यांतून पाणी आलं, पण पोरगी हटली नाही.

मग दत्ताभाऊंचं घर. साहेबांचं म्हणणं तिने आधीच ऐकून घेतलं होतं, तेव्हा यांचंही ऐकायलाच हवं, हा तिचा हट्ट. पत्र्याची दोन खोल्यांची जागा, बीडहून आलेलं कुटुंब, चहात साखर भरपूर. निघताना त्यांच्या बायकोने, सुनंदाने, माझी ओटी भरली आणि यू-टिंगपुढे नारळ आणि ड्रेसपीस धरला.

यू-टिंगने दोन्ही हात पाठीमागे नेले.

सुनंदाचा चेहरा उतरला. "ताई, पहिल्यांदा उंबरा चढलंय लेकरू. रिकाम्या हातानं धाडायचं का?"

यू-टिंग मला हळूच म्हणाली, "उद्या मी कुणाच्याच बाजूची नाही. हे घेतलं तर?"

"अगं, नारळ आहे तो."

"म्हणजे तुम्ही घेतलात?"

मी पदराकडे पाहिलं. लाचखोरीवर मी इतके खरपूस लेख लिहिले आहेत आणि माझ्या ओटीत तांदळासकट पुरावा.

ती ओट्यावर जाऊन कायद्याच्या वर्गातल्या मित्रमैत्रिणींना फोन लावत बसली आणि प्रत्येकाचं उत्तर मला इंग्रजीत सांगत गेली. तैपेईची मैत्रीण म्हणाली, परत कर, नियम तो नियम. शांघायची म्हणाली, आपल्याच घरात घाबरून बसलेल्या बाईचा अपमान करून कुठला न्याय होतो, घे आणि मन साफ ठेव. हाँगकाँगचा मुलगा म्हणाला, घे नाहीतर नको घेऊ, फक्त लपवू नकोस. चिनी बोलणारी मुलं सगळी एकच उत्तर देतील असं मला वाटलं होतं. का वाटावं कोण जाणे. आमच्या घरात चार मराठी माणसांचं पंख्याच्या वेगावर एकमत होत नाही.

सुनंदाने विचारलं, फोनवर वकील हायत का? होणार आहेत, मी म्हटलं. "मग नारळाला तारीख पडली म्हणायची," दत्ताभाऊ म्हणाले.

यू-टिंग हसत आत आली आणि दोन्ही हातांनी फक्त नारळ घेतला. त्या रात्री लॉजवर (खोली स्वच्छ, गरम पाणी फक्त सकाळी) तो टीव्हीच्या डोक्यावर बसला होता.

सोमवारी तिने बोलणी सुरू होण्याआधीच तो टेबलावर ठेवला आणि कुठून आला ते सांगितलं. कंपनीचे पर्सोनेल साहेब लगेच म्हणाले, दुभाषी बदला, आमच्याकडे दुसरा माणूस आहे. दत्ताभाऊंचा रंग उडाला. मोठे साहेब, लिन, यांनी नारळ उचलून कानाशी हलवला आणि बराच वेळ काही बोलले. यू-टिंगला हसू आवरेना. "ते म्हणतात, खंडेनवमीला कामगारांनी त्यांनाही दिलाय. अजून कपाटावर आहे. त्याचं करायचं काय असतं?"

"फोडून खायचा असतो, साहेब," दत्ताभाऊ म्हणाले. दुभाषी तीच राहिली.

मग दत्ताभाऊ मुद्द्यावर आले. "लाइन मीच थांबवली. तशी जाळी पुन्हा दिसली, तर पुन्हा थांबवीन."

आता बोलणी फिसकटणार, असं मला वाटलं. मी इंग्रजीत म्हटलं, झाल्या प्रकाराचा त्यांना खेद आहे.

यू-टिंगने ते पुढे सांगितलंच नाही. "मावशी, मान ताठ ठेवून कोण खेद करतं? ते काय म्हणाले तेच सांगा ना."

मी सांगितलं, शब्दाला शब्द. तिने ते तसंच चिनीत सांगितलं. लिनसाहेबांनी एवढंच विचारलं, जाळी दुरुस्त झाली का? पर्सोनेल साहेब छताकडे पाहू लागले. सगळे हेल्मेटं घालून खाली गेलो. जाळी तारेने बांधलेली होती.

निकाल तिथेच, मशीनपाशी लागला. दत्ताभाऊ उद्यापासून कामावर, माफी नाही. फक्त पुढच्या वेळी आधी सुपरवायझरला हाक मारायची. "मारीन," दत्ताभाऊ म्हणाले, "पण आधी बटण." या वेळी मी एक अक्षर बदललं नाही. साहेबांनी मान डोलावली.

परतीच्या रस्त्यावर आम्ही दोघी उगाचच हसत सुटलो होतो. ट्रॅफिकचंही काही वाटलं नाही.

घरी आले, चपला काढते तोवर बेल वाजली. सोसायटीचे चेअरमन. पार्किंग कमिटीसाठी त्यांना एक बळी हवा होता. आतून नवऱ्याने खुणेने सांगितलं, घरी नाहीत म्हण. गेली वीसेक वर्षं मी हे वाक्य झोपेतसुद्धा म्हणते.

"आहेत," मी म्हटलं. "आतल्या खोलीत आहेत. म्हणतायत, घरी नाहीत म्हणून सांग."